वाचनातील चूक आणि बोलीतील उच्चार : कर्जत-खालापूर परिसरातील मूल्यमापनाचा एक प्रश्न

शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अध्ययनात मूल्यमापनाला मध्यवर्ती स्थान आहे. विश्वसनीयता, सप्रमाणता, काठिण्यमूल्य, भेदनक्षमता या संज्ञा एम.एड.च्या विद्यार्थ्याला परिचित असतात आणि त्यांची सूत्रेही त्याला अवगत असतात. परंतु शोधनिबंधासाठी चाचणी हाती घेऊन तो एखाद्या वाडीवरील शाळेत जातो, तेव्हा या संज्ञांचा अर्थ त्याला त्या शाळेतील मुलांच्या संदर्भात नव्याने लावावा लागतो. तसा तो लावला नाही, तर सूत्रे बिनचूक राहूनही निष्कर्ष चुकीचे निघू शकतात. प्रस्तुत लेखात या व्यापक प्रश्नाच्या एका अंगाचा विचार केला आहे. मूल मोठ्याने वाचत असता परीक्षकाला जी ‘चूक’ ऐकू येते, ती वाचनाची चूक आहे की मुलाच्या बोलीचा उच्चार आहे, हे ठरवावयाचे कसे, हा तो प्रश्न होय.

१. परिसर आणि प्रश्न

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके या विवेचनासाठी उपयुक्त आहेत. कर्जतमधून उल्हास नदी वाहते, खालापुरातून पाताळगंगा. मुंबईहून पुण्यास जाणारा लोहमार्ग कर्जतवरून घाट चढतो आणि महामार्ग खालापूर तालुक्यातून जातो. त्यामुळे दोन्ही नगरांतील विद्यापीठांच्या अभ्यासकांना हा प्रदेश सहज गाठता येतो. सकाळी निघून, चाचणी घेऊन, सायंकाळी परत जाता येते. या सोयीमुळेच एक धोका संभवतो. प्रवासाचे अंतर अल्प असले म्हणजे भाषेचे अंतरही अल्पच असेल, असे नकळत गृहीत धरले जाते.

वस्तुतः या तालुक्यांत एका शाळेच्या एका वर्गातही भाषिक एकरूपता नसते. गावठाणातील कुणबी, मराठा व आगरी कुटुंबांतील मुले आणि डोंगरउतारावरील वाड्यांतील ठाकर व कातकरी मुले एकाच बाकावर बसतात. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींचा समावेश विशेष दुर्बल आदिवासी समूहांत केलेला आहे, त्यांपैकी कातकरी ही एक. कोलाम आणि माडिया गोंड या अन्य दोन. शाळेचे माध्यम मराठी आणि पाठ्यपुस्तकही मराठी. म्हणून चाचणीच्या नोंदपत्रकावर या सर्व मुलांची भाषा ‘मराठी’ या एकाच शब्दाने दाखविली जाते. त्या एका शब्दाखाली झाकला जाणारा भेदच गुणांच्या रूपाने पुन्हा वर येतो, आणि तेव्हा त्याला बुद्धीचा किंवा परिश्रमाचा भेद समजले जाते.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा नाही. शालेय वाचनचाचणीचा परिणाम मुलाच्या दैनंदिन अध्ययनावर तत्काळ होतो. त्याचा स्तर ठरतो, त्या स्तराप्रमाणे गट ठरतो आणि गटाप्रमाणे पुढील काही महिन्यांचे शिक्षण ठरते. वाक्ये समजून वाचणारे मूल ‘अक्षरस्तरा’वर गणले गेले, तर त्याला पुन्हा मुळाक्षरे गिरवावी लागतात. शिवाय बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या अधिनियमात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीच्या वर्गांत मुलांना रोखून ठेवण्याची मोकळीक राज्यांना मिळाली. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये आपल्या नियमांत तदनुसार बदल केला. म्हणजे चुकीच्या मापनाची किंमत आता मुलाच्या आयुष्यातील एका वर्षाने मोजली जाऊ शकते.

२. मापनशास्त्राची पूर्वपरंपरा

या विषयाच्या पदव्युत्तर अध्ययनाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबई विद्यापीठाने १९३६ मध्ये एम.एड. ही पदवी सुरू केली. भारतातील ती या प्रकारची पहिली पदवी होय. १९४८ मध्ये जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन झाली आणि पुढे ती पुण्यास गेली. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठीय सुधारणांत परीक्षासुधारणेला अग्रस्थान दिले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मूल्यमापन ही अध्यापनापासून अलग न करता येणारी अखंड प्रक्रिया मानली. अमेरिकेतील बेंजामिन ब्लूम यांचे शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि लवकरच भारतातील परीक्षासुधारणेच्या कार्यक्रमांत त्याचा प्रवेश झाला.

या इतिहासातील एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन कसोटी मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी सिद्ध केली. ती ‘बिने-कामत कसोटी’ या नावाने परिचित आहे. परकीय कसोटीचे केवळ भाषांतर पुरेसे नाही, ती येथील मुलांवर पडताळून तिचे मानदंड नव्याने ठरविले पाहिजेत, हे तत्त्व त्या कार्याने येथे रुजविले. तथापि हे तत्त्व इंग्रजीकडून मराठीकडे येताना जितक्या कसोशीने पाळले गेले, तितके प्रमाण मराठीकडून बोलीकडे जाताना पाळले गेले नाही. पुण्यात तयार झालेली चाचणी कर्जतच्या वाडीवर नेताना काही रूपांतर करावे लागते, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही, कारण दोन्हीकडची भाषा नावाने एकच असते.

३. बोली आणि लिपी : एका उताऱ्याची परीक्षा

उत्तर कोकणातील बोलींची नोंद ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) आढळते. आगरी, कोळी, ठाकरी, काथोडी या बोलींचा निर्देश तेथे आहे. कातकऱ्यांची बोली ती काथोडी. पुढे १९६० च्या दशकात अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींची जी पाहणी केली, तीत तत्कालीन कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील महाडच्या कुणबी बोलीचा स्वतंत्र अभ्यास आहे. अलीकडे डेक्कन महाविद्यालय आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी हाती घेतलेल्या बोलींच्या सर्वेक्षणाने ध्वनिमुद्रित सामग्रीही अभ्यासकांस उपलब्ध करून दिली आहे.

या बोलींची काही उच्चारलक्षणे सर्वज्ञात आहेत. ‘ण’च्या जागी ‘न’ येतो : पाणी, पानी. आगरी व कोळी बोलींत ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो : डोळा, डोला. आगरीत शब्दाच्या आरंभी नसलेल्या ‘ड’चा ‘र’ होतो : झाड, झार, गाडी, गारी. ‘इ’ व ‘ए’ या स्वरांपूर्वीचा ‘व’ लोप पावतो : विंचू, इंचू, विस्तव, इस्तू. यांपैकी पहिले व शेवटचे लक्षण महाराष्ट्रातील इतरही अनेक बोलींत आढळते. कोणत्या वाडीत, कोणत्या समाजात, कोणते लक्षण किती नियमितपणे येते, हे त्या त्या ठिकाणी ऐकूनच ठरवावे लागते. सर्व लक्षणे सर्व मुलांच्या बोलण्यात एकत्र असतात असे मुळीच नाही. परंतु जी असतात, ती नियमबद्ध असतात. म्हणूनच त्यांना चूक म्हणता येत नाही.

या लक्षणांचा गुणांवर किती परिणाम होऊ शकतो, हे पाहण्यासाठी विवेचनापुरता रचलेला पुढील वीस शब्दांचा उतारा घ्यावा. इयत्ता दुसरीच्या पातळीचे वाचन तपासण्यासाठी असे उतारे सर्रास वापरले जातात.

‘आईने विहिरीचे पाणी आणले. बाळ अंगणात खेळत होते. झाडावर कावळा बसला. वारा आला आणि झाडाचे पान गळून पडले. बाळ हसले.’

यात ‘ण’ असलेले शब्द चार आहेत : पाणी, आणले, अंगणात, आणि. ‘ळ’ असलेले शब्द पाच आहेत : दोनदा आलेला बाळ, खेळत, कावळा, गळून. ‘वि’ने आरंभ होणारा एक : विहिरीचे. ‘ड’ असलेले तीन : झाडावर, झाडाचे, पडले. एकूण तेरा. ज्या मुलाच्या बोलीत ही चारही लक्षणे आहेत, ते हा उतारा अस्खलित वाचील, त्याचा अर्थही पूर्णपणे जाणील, आणि तरीही वीसपैकी तेरा शब्द ‘चुकेल’. ‘ड’चे लक्षण नसलेले मूल दहा शब्द चुकेल. वरवर अत्यंत सोपा दिसणारा हा उतारा अशा रीतीने एका मुलासाठी सोपा आणि दुसऱ्यासाठी कठीण ठरतो. तो कठीण होतो तो मात्र वाचनाच्या दृष्टीने नव्हे.

४. तीन वाचक

हाच उतारा तीन काल्पनिक मुलांनी वाचला असे समजावे.

पहिल्या मुलाने वाचले : ‘आईने इहिरीचे पानी आनले. बाल अंगनात खेलत होते.’ शेवटपर्यंत त्याने असेच वाचले. कावळा कोठे बसला होता, पान कशामुळे पडले, बाळ केव्हा हसले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याने आपल्या बोलीत अचूक दिली.

दुसऱ्या मुलाने प्रत्येक शब्द प्रमाण उच्चारात व सराईतपणे वाचला. मात्र पाणी कोणी आणले, हे विचारता ते गप्प राहिले. पान कशामुळे पडले, हेही त्याला सांगता आले नाही.

तिसऱ्या मुलाने ‘पाणी’ऐवजी ‘पान’, ‘कावळा’ऐवजी ‘काळा’ आणि ‘गळून’ऐवजी ‘गोळा’ असे वाचले. उरलेले सर्व शब्द बरोबर वाचले. गोष्ट सांगताना आईने पान आणले, असे त्याने सांगितले.

केवळ शब्द मोजून गुण दिले, तर पहिल्याच्या चुका तेरा, दुसऱ्याच्या शून्य व तिसऱ्याच्या तीन होतात. तीनपर्यंत चुका क्षम्य मानणारा नियम लावला, तर दुसरे व तिसरे मूल उत्तीर्ण होते आणि पहिले अनुत्तीर्ण ठरते. वाचन म्हणजे लिखित चिन्हांवरून अर्थाचे ग्रहण, ही व्याख्या स्वीकारली, तर क्रम नेमका उलटा लागावयास हवा. पहिले मूल वाचते. दुसरे केवळ उच्चारण करते. तिसरे अक्षरांच्या आधारे शब्दाचा अंदाज बांधते आणि तो चुकतो. तिघांना लागणारे साहाय्य वेगवेगळे आहे. पहिल्यास वाचनासाठी कोणत्याही उपचारात्मक अध्यापनाची गरज नाही. दुसऱ्यास आशयाकडे वळविले पाहिजे. तिसऱ्यास शब्द शेवटपर्यंत पाहण्याची सवय लावली पाहिजे.

मापनशास्त्राच्या परिभाषेत येथे सप्रमाणतेचा भंग झाला आहे. क्रॉनबाख व मील यांनी १९५५ मध्ये संबोध-सप्रमाणतेची जी मांडणी केली, तिचा गाभा असा की चाचणीचा गुण ज्या संबोधाचा निदर्शक म्हणून घेतला जातो, त्याच संबोधामुळे तो कमीअधिक होत आहे की नाही, हे दाखवून देता आले पाहिजे. येथे गुण कमीअधिक होतो तो वाचनशक्तीमुळे कमी आणि मुलाच्या घरच्या बोलीमुळे अधिक. परीक्षकाला वाटते की आपण वाचन मोजीत आहोत. प्रत्यक्षात तो मुलाचे कुळ मोजीत असतो.

५. चुकीची ओळख कशी पटवावी

वाचनातील विचलनांकडे दोष म्हणून न पाहता वाचकाच्या मनोव्यापाराचा पुरावा म्हणून पाहावे, ही दृष्टी अमेरिकेतील केनेथ गुडमन यांनी १९६० च्या दशकात मांडली. त्यांचे स्वतःचे मतपरिवर्तन या ठिकाणी बोधप्रद आहे. बोलीभेद हाच वाचनाकलनातील अडथळा आहे, असे त्यांनी १९६५ मध्ये म्हटले होते. १९७३ मध्ये कॅथरीन बक यांच्यासह लिहिताना त्यांनी ते मत बदलले. अडथळा बोलीचा नसून शिक्षकाने बोली नाकारण्याचा आहे, असा त्यांचा नवा निष्कर्ष होता. १९७९ मध्ये अ‍ॅन आर्बर येथील खटल्यात अमेरिकेच्या न्यायालयाने याच दिशेने निर्णय दिला आणि वाचन शिकविताना मुलांची घरची बोली ओळखण्यास शिक्षकांना साहाय्य करावे, असे शाळामंडळास सांगितले.

कर्जत-खालापूरच्या संदर्भात एक शंका रास्तपणे उपस्थित होईल. मुलाने ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचला, तेव्हा त्याला ‘ण’ हे अक्षर ओळखताच आले नाही, असेही असू शकेल. मग ही बोली आणि ते अज्ञान यांत भेद कसा करावा? या शंकेचे उत्तर तर्काने नव्हे, निरीक्षणाने द्यावयाचे आहे. त्यासाठी तीन कसोट्या लावता येतात.

पहिली कसोटी भाषणाची. वाचनापूर्वी मुलाशी दहा मिनिटे गप्पा माराव्यात आणि त्या ध्वनिमुद्रित कराव्यात. पाणी कोठून आणतात, पावसाळ्यात कोणत्या रानभाज्या मिळतात, ओढ्यात खेकडे कसे धरतात, असे त्याच्या जीवनातील विषय असावेत. एरवीच्या बोलण्यातही मूल ‘पानी’च म्हणत असेल, तर वाचनातील ‘पानी’ हा उच्चार होय. बोलण्यात ‘ण’ स्पष्टपणे उच्चारणाऱ्या मुलाने वाचताना ‘न’ म्हटले, तर मात्र ती वाचनाची चूक समजावी.

दुसरी कसोटी डोळ्यांची. उच्चार न करविता अक्षरभेद मुलाला दिसतो की नाही हे पाहावे. ‘माळ’ व ‘माल’, ‘वेळ’ व ‘वेल’ अशा शब्दजोड्या आणि त्यांना अनुरूप चित्रे अथवा वाक्ये द्यावीत. ज्याच्या तोंडी दोन्ही शब्द एकसारखे उमटतात, ते मूलही योग्य चित्रावर बोट ठेवीत असेल, तर अक्षरज्ञान पक्के आहे असे मानावयास हरकत नाही.

तिसरी कसोटी नियमिततेची. बोलीचा उच्चार सर्व शब्दांत सारख्या दिशेने बदलतो. ‘पाणी’, ‘आणले’, ‘अंगणात’ या तिन्ही ठिकाणी ‘न’च येतो. अज्ञानातून होणारी चूक अशी शिस्त पाळीत नाही. तीत एकदा ‘पान’, एकदा ‘पाटी’, तर एकदा मौन येते.

या कसोट्यांनंतर नोंदपत्रकात एका स्तंभाऐवजी तीन स्तंभ ठेवावेत : छापील शब्द, मुलाचा प्रत्यक्ष उच्चार आणि वर्गीकरण. उच्चार जसाच्या तसा देवनागरीत लिहावा. केवळ बरोबर-चूक अशी खूण केली, तर पुढे पुनर्विचाराला सामग्रीच उरत नाही. आशयग्रहणाचे प्रश्न तोंडी विचारावेत, उत्तर मुलाच्या बोलीत स्वीकारावे, आणि ती बोली जाणणारी स्थानिक व्यक्ती चाचणीच्या वेळी सोबत असावी. शेवटी दोन्ही गुण स्वतंत्रपणे द्यावेत : प्रमाण उच्चारानुसार येणारा गुण आणि बोलीचे उच्चार वगळून येणारा गुण. त्या दोहोंतील अंतर हीच पुष्कळदा संशोधनाची सर्वांत मोलाची उपलब्धी असते.

६. विश्वसनीयता पुरेशी का नाही

शोधनिबंधांत अनेकदा दोन परीक्षकांच्या गुणांतील मेळ दाखवून चाचणीचे समर्थन केले जाते. हा मेळ मोजण्यासाठी कोहेन यांनी १९६० मध्ये सुचविलेला ‘कप्पा’ गुणक रूढ आहे. त्याचे तत्त्व सोपे आहे. समजा, शंभर शब्दांच्या वाचनावर दोन परीक्षकांनी निर्णय दिले. दोघांनीही प्रत्येकी वीस शब्द चूक ठरविले. पंधरा शब्दांबाबत दोघेही ‘चूक’ म्हणाले आणि पंचाहत्तर शब्दांबाबत दोघेही ‘बरोबर’ म्हणाले. एकमत नव्वद टक्के झाले. परंतु प्रत्येक परीक्षक ऐंशी शब्द बरोबर व वीस चूक ठरवीत असता निव्वळ योगायोगानेही ०.६८ इतके एकमत होऊ शकते (०.८ × ०.८ + ०.२ × ०.२). हा योगायोगाचा भाग वजा करून उरलेल्या शक्यतेशी गुणोत्तर काढले, म्हणजे (०.९० – ०.६८) ÷ (१ – ०.६८) = सुमारे ०.६९ हा गुणक मिळतो. नव्वद टक्क्यांचे एकमत वाटते तितके भक्कम नसते, हे यावरून कळते.

पण हा गुणक पूर्ण एक आला, तरीही मूळ प्रश्न सुटत नाही. दोन्ही परीक्षक नगरातून आलेले, प्रमाण मराठीत वाढलेले आणि ‘पानी’ हा शब्द चूकच मानणारे असतील, तर त्यांचे एकमत संपूर्ण होईल आणि निर्णय तरीही सदोष राहील. विश्वसनीयता मोजणाऱ्यांची परस्परांशी असलेली सुसंगती सांगते. सप्रमाणता मोजणाऱ्यांची वस्तुस्थितीशी असलेली सुसंगती सांगते. समान ग्रहांमुळे पहिली वाढते आणि दुसरी घटते. म्हणून दोन परीक्षकांपैकी एक तरी स्थानिक बोली जाणणारा असणे आवश्यक आहे. अशा जोडीत मतभेद अधिक होतील, गुणक खाली येईल. परंतु ते मतभेद नेमक्या कोणत्या शब्दांवर झाले हे पाहिले, म्हणजे चाचणीतील दोषाचे स्थान सापडेल.

७. मोठ्या पाहण्या आणि लहान प्रदेश

२००५ पासून ‘प्रथम’ या संस्थेच्या प्रेरणेने होत आलेली ‘असर’ ही ग्रामीण भारतातील शैक्षणिक पाहणी शोधनिबंधांत वारंवार उद्धृत केली जाते. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा चार पायऱ्यांचे तिचे वाचनसाधन सुटसुटीत आहे. शाळेऐवजी घरी जाऊन मुलांची चाचणी घेतल्यामुळे शाळेबाहेरची मुलेही तिच्यात येतात. परिच्छेद व गोष्ट यांच्या वाचनात तीन किंवा त्यांहून कमी चुका तिच्यात क्षम्य मानल्या जातात, आणि चाचणी घेणारे स्वयंसेवक त्याच जिल्ह्यातील असतात. स्थानिक कानामुळे बोलीचा उच्चार चूक गणला जाण्याचा संभव बराच कमी होतो. पण तोच नियम व तेच साधन घेऊन बाहेरचा अभ्यासक एकटा वाडीवर गेला, तर हे संरक्षण उरत नाही. साधन उसने घेता येते, कान उसना घेता येत नाही.

या पाहणीचा आवाकाही लक्षात घ्यावा लागतो. तिच्या नेहमीच्या आराखड्यात एका जिल्ह्यातून तीस गावे आणि प्रत्येक गावातून वीस घरे निवडली जातात. रायगड जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. म्हणजे सरासरीने एका तालुक्याच्या वाट्याला दोन गावे येतात. जिल्ह्याचा अंदाज बांधण्यास ही संख्या योजलेली आहे. तीवरून कर्जत अथवा खालापूर तालुक्याविषयी, त्यातही कातकरी मुलांविषयी विधान करणे शास्त्राला धरून होत नाही. तालुक्याचे चित्र हवे असेल, तर तालुक्यातच स्वतंत्र नमुना घेतला पाहिजे.

८. जे मूल चाचणीला नसते

बोलीच्या प्रश्नाशी निगडित असा कालाचाही एक प्रश्न या परिसरात आहे. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या किंवा कोळसा पाडण्याच्या कामावर बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शालेय वर्षाचे दुसरे सत्र नेमके याच काळात येते. दुसरे संकलित मूल्यमापन वर्षाच्या अखेरीस होते, तेव्हा यांतील काही मुले पटावर असतात, पण वर्गात नसतात.

याचा सांख्यिकीय परिणाम विपरीत होतो. पहिल्या सत्रात तीस मुलांची चाचणी झाली व दुसऱ्या सत्रात बावीस मुलांची, असे समजावे. न आलेल्या आठ मुलांचे पहिल्या सत्रातील गुण सरासरीहून कमी असतील, तर उरलेल्या बावीस मुलांनी काहीही नवे न शिकता वर्गाची सरासरी वाढेल. अभ्यासक ती वाढ आपल्या अध्यापनपद्धतीचे फल म्हणून नोंदवील. प्रायोगिक शोधनिबंधांत पूर्वचाचणी व उत्तरचाचणी यांची तुलना केली जाते, तेव्हा दोन्ही चाचण्यांस उपस्थित असलेल्या मुलांचेच गुण ताडून पाहावेत. जी मुले मध्येच गेली, त्यांची संख्या, त्यांचे पूर्वगुण आणि जाण्याचे कारण यांचा स्वतंत्र तक्ता द्यावा. पावसाळ्यातील पहिले सत्र हा या मुलांच्या भेटीचा खात्रीचा काळ आहे. संशोधनाचे वेळापत्रक विद्यापीठाच्या सोयीने न आखता या स्थलांतराच्या चक्राप्रमाणे आखणे म्हणूनच इष्ट ठरते.

९. एक आक्षेप

वरील प्रतिपादनावर असा आक्षेप घेतला जाईल की बोलीचा उच्चार क्षम्य मानला, तर मुले प्रमाणभाषेपासून वंचित राहतील आणि पुढील परीक्षांत व नोकरीत त्यांचे नुकसान होईल. या आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्याचा रोख चुकीच्या ठिकाणी आहे. प्रमाणभाषा शिकविणे हे शाळेचे कर्तव्यच होय. लेखनात ‘पाणी’ हा शब्द ‘ण’नेच लिहिला पाहिजे, तेथे ‘पानी’ ही शुद्धलेखनाची चूक असून ती तशी दाखविली गेली पाहिजे. मात्र वाचन, उच्चार आणि शुद्धलेखन ही तीन वेगळी उद्दिष्टे आहेत. त्यांचे गुण एकात मिसळले, तर तिन्हींपैकी एकाचेही मापन होत नाही आणि कोणते शिकवावयाचे आहे, हेही कळत नाही.

शुद्धलेखनातही बोलीची जाण शिक्षकाच्या उपयोगाची आहे. श्रुतलेखनात दहा ठिकाणी ‘न’ लिहिणाऱ्या मुलाच्या चुका दहा नसून एक आहे, आणि तो एक नियम समजावून दिल्याने दहाही ठिकाणे सुधारू शकतात. ज्याच्या दहा चुका दहा प्रकारच्या आहेत, त्याचा प्रश्न अधिक कठीण आहे. केवळ संख्या पाहणाऱ्या परीक्षकाला ही दोन्ही मुले सारखीच दिसतात.

शिक्षणहक्काच्या अधिनियमाच्या एकोणतिसाव्या कलमातही व्यवहार्य असेल तेथवर मातृभाषेतून शिक्षण आणि मुलाला झालेल्या आकलनाचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन, ही दोन्ही सूत्रे शेजारी शेजारी आली आहेत. ती एकत्र वाचली, तर आकलनाचे मूल्यमापन मुलाच्या भाषेची दखल घेऊनच होऊ शकते, हा अर्थ त्यांतून सहज निष्पन्न होतो.

१०. समारोप

शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला यातून तीन गोष्टी घेता येतील. चाचणी वाडीवर नेण्यापूर्वी तिच्यातील शब्द स्थानिक बोलीच्या उच्चारलक्षणांशी ताडून पाहावेत आणि किती शब्दांवर त्यांचा परिणाम होतो, हे वर वीस शब्दांच्या उताऱ्याबाबत केले त्याप्रमाणे आधीच मोजावे. वाचन तपासताना मुलाचा उच्चार जसाच्या तसा नोंदवून मगच त्याचे वर्गीकरण करावे. आणि निष्कर्ष लिहिताना जी मुले मोजली गेली नाहीत, त्यांचा हिशोब द्यावा. यांपैकी कोणत्याही गोष्टीला मोठा खर्च अथवा दुर्मीळ साधन लागत नाही. वाडीवर चाचणीच्या दिवशी जाण्याऐवजी दोन दिवस आधी जाणे, एवढेच काय ते लागते.

शिक्षणशास्त्र व भाषाशास्त्र हे दोन विभाग विद्यापीठात बहुधा दोन वेगळ्या इमारतींत असतात. बोलीच्या अभ्यासकाजवळ उच्चारांची नोंद असते, पण त्या नोंदीचा एखाद्या मुलाच्या इयत्तेशी काही संबंध आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही. शिक्षणाच्या अभ्यासकाजवळ गुणांचे तक्ते असतात, पण त्यांतील किती चुका बोलीच्या आहेत, हे त्याला ठाऊक नसते. या दोहोंनी एकत्र बसून कर्जत-खालापूरच्या एका केंद्रातील शाळांचे वाचन जरी या पद्धतीने तपासले, तरी आज ‘अप्रगत’ म्हणून गणल्या गेलेल्या मुलांपैकी कितीजण वस्तुतः वाचणारी आहेत, याचा निर्णय पुराव्याने करता येईल. एम.एड.च्या एखाद्या शोधनिबंधास हा विषय पुरेसा आहे, आणि त्याचे उत्तर ज्या मुलांना हवे आहे, ती या क्षणी वर्गात बसलेली आहेत.